तुटका निपल आणि चालकाची मजुरी

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यात कुठेही जा, अर्जुनी मोरगावकडे जा की आमगाव-सालेकसाकडे, बांध्यांमध्ये लोखंडी पिंजऱ्याची चाके लावलेले ट्रॅक्टर चिखल करताना दिसतात. धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या पडलेल्या असतात आणि कमरेला पदर खोचून बाया वाट पाहत असतात. चिखल झाला की रोवणी सुरू होते. ट्रॅक्टर थांबला की सगळेच थांबते. ज्यांनी गुत्त्याने रोवणी घेतली असेल त्या बायांचा तर दिवसच बुडतो, कारण गुत्त्यात थांबलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

ट्रॅक्टर थांबण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाच कारणाविषयी आज लिहायचे आहे. ते कारण बोटाच्या पेराएवढे आहे आणि दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते. ते म्हणजे पुढच्या चाकाच्या हबवरचा ग्रीस निपल.

आम्ही पेशाने कारकून. लोखंडाशी आमचा संबंध कपाटाच्या किल्लीपुरता. परंतु संध्याकाळी वस्तीतील लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून आमच्याकडे आहे, आणि पावसाळा लागला की ट्रॅक्टरचालकांचे तंटे येऊ लागतात. बहुतेकांची कहाणी एकच असते. पुढच्या चाकाची बेअरिंग फुटली, हब खराब झाला, दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला. मालक म्हणतो, “तू ग्रीस मारले नाहीस, खर्च तुझ्या मजुरीतून कापणार.” चालक म्हणतो, “निपल त आधीच तुटला होता जी, ग्रीस मी कुठून मारू?” कागदावर दोघांचेही काही नसते. मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते, आणि तो आवाज चालकाचा नसतो.

असे तंटे ऐकून ऐकून आम्ही शेवटी तीन-चार मिस्त्र्यांच्या दुकानात जाऊन बसलो. हे काम डोळ्यांनी पाहिले, अडाण्यासारखे प्रश्न विचारले. जे समजले ते आपल्या घरातील चालक मुलांसाठी येथे मांडत आहोत. भगिनींनीही वाचावे. घरात येणाऱ्या मजुरीचा हा विषय आहे.

जुन्या लोकांना बैलगाडीचे वंगण आठवत असेल. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे, त्यात तेल पाजलेल्या चिंध्या असत आणि चाक कुरकुरू लागले की आखाला वंगण लागे. मोटारी आल्या तेव्हा सुरुवातीला त्यांच्यातही याच प्रकारचा कारभार होता. ग्रीस भरलेल्या लहान वाट्या जागोजागी लावलेल्या असत आणि त्यांची टोपी रोज हाताने पिळून ग्रीस आत ढकलावे लागे. आज आपण जो निपल पाहतो त्याचे पेटंट ऑस्कर झर्क या व्हिएन्नात जन्मलेल्या गृहस्थाला अमेरिकेत जानेवारी १९२९ मध्ये मिळाले. अमेरिकेत अजूनही निपलला ‘झर्क’च म्हणतात. तिकडे घराभोवतीचे गवत कापायला लोक लहानशा ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर बसतात. त्याच्या पुढच्या चाकालाही असाच निपल असतो. तो रिमच्या आत अडचणीत असल्याने तुटतो आणि तिथल्या माणसाचा रविवार जातो. आपल्याकडे तोच निपल तुटला तर रोवणी जाते.

निपलची रचना सोपी आहे. आरपार भोक असलेला पोलादी तुकडा, तोंडाशी एक लहान गोळी आणि तिच्या मागे स्प्रिंग. ग्रीसगनच्या दाबाने गोळी मागे सरकते आणि ग्रीस आत जाते. दाब संपला की स्प्रिंग गोळीला पुन्हा तोंडाशी आणून बसवते. म्हणजे ग्रीस बाहेर येत नाही आणि माती आत जात नाही. निपल तुटला की या दोन्ही गोष्टी बिघडतात. चालकांना पहिली समजते, दुसरी समजत नाही. ग्रीस मारता येत नाही एवढेच त्यांना दिसते. उघड्या भोकातून चिखलाचे पाणी थेट बेअरिंगमध्ये जात असते, हे दिसत नाही.

आणि आपला चिखल साधा नव्हे. नांगरणीच्या कोरड्या शेतात ट्रॅक्टरचे पुढचे चाक धुळीत चालते. धानाच्या बांधीत तेच चाक हबपर्यंत गाळात बुडून तासन्‌तास फिरते. इटियाडोह आणि बाघ प्रकल्पाच्या पाण्यावर जिथे उन्हाळी धान होते तिथे हा प्रकार वर्षातून दोनदा. हबच्या आतल्या बाजूला रबरी ओठाचे ऑइल सील असते, ते पाणी अडवते; पण सील जुने झाले की गाळ आत शिरतो. म्हणून चिखलाच्या कामात पुढच्या चाकांना आणि पुढच्या आखाच्या मधल्या पिनला रोज, म्हणजे सुमारे दहा तासांच्या कामानंतर, ग्रीस द्यावे असे ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. नवे ग्रीस आत गेले की ते जुने ग्रीस आणि त्यासोबत आलेले पाणी कडेने बाहेर ढकलते. ही पुस्तिका मालकाच्या घरी कपाटात असते आणि चालकाने ती कधी पाहिलेली नसते, हा भाग वेगळा. काही ट्रॅक्टरच्या हबला निपल नसतोच. तिथे हब खोलून हाताने ग्रीस भरावे लागते. आपल्या हातातील ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे हे हंगामापूर्वीच पाहून ठेवावे.

निपल तुटतो कसा? धुऱ्यावरून उतरताना दगड किंवा खुंट लागतो. गंज चढून मान कमजोर झालेली असते. पण मिस्त्र्यांच्या म्हणण्याप्रमाणे सर्वात जास्त निपल ग्रीस मारणाराच तोडतो. गनचे तोंड निपलवर घट्ट बसते, सुटत नाही, मग माणूस नळी धरून जोरात झटका देतो. तसे करू नये. गन थोडी तिरकी केली की आतला दाब सुटतो आणि ती आपोआप मोकळी होते.

सगळे निपल तुटलेलेच असतात असेही नाही. कित्येकदा ग्रीस आत जात नाही म्हणून निपल गेला असे समजतात, पण गोळीशी वाळलेली माती अडकलेली असते. आधी ब्रश आणि डिझेलने तोंड स्वच्छ करावे, टाचणीने गोळी दाबून पाहावी. गोळी आत जाऊन परत आली तर निपल जिवंत आहे. परत येत नसेल तर त्याच्याशी झटत बसण्यापेक्षा नवीन लावावा.

आता तुटलेल्याचे काम.

पहिली गोष्ट जागेची. हे काम बांधीत करू नये. ट्रॅक्टर सपाट आणि टणक जमिनीवर आणावा, इंजिन बंद करून चावी काढावी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावावेत. चाक उचलायचे असेल तर जॅकने उचलून आखाखाली मजबूत ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली हात किंवा डोके घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. विटांची चवड ठोकळा म्हणून चालत नाही, वीट न सांगता फुटते.

चाक उचललेच आहे तर आधी बेअरिंगची परीक्षा करून घ्यावी. चाकाला वरून व खालून धरून हलवावे. खडखड झाली, सैल लागले, तर बेअरिंग झिजली आहे किंवा नट ढिला आहे. हाताने फिरवून कान द्यावा. गुरगुर आवाज आला तर आत माती गेली. अशा वेळी नवीन निपल लावून ग्रीस मारणे म्हणजे घाण पाण्यावर तेल ओतणे. हब खोलून दोन्ही बेअरिंग धुवाव्या लागतील आणि सील बदलावे लागेल. नटाची घट्टपणाची पातळी अनुभवाने ठरते, म्हणून तो भाग मिस्त्रीकडेच द्यावा. पण बेअरिंग चांगली असेल तर निपल बदलणे चालकाला सहज जमण्यासारखे आहे.

निपल मोडला तरी बऱ्याचदा त्याचा षटकोनी भाग शिल्लक असतो. मग काम पाच मिनिटांचे. माती खरवडून काढावी, गंज सोडवणारे तेल टाकून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, योग्य मापाचा पाना लावून डावीकडे फिरवावे. पाना घसरत असेल तर लॉक पकड लावावी. घाई करून अर्धा तुटलेला निपल पूर्ण तोडू नये. सुटत नसेल तर किंचित उजवीकडे, मग डावीकडे, असे हलवत गंज मोडावा.

मान हबच्या पातळीवर मोडली तर पान्याला धरायला काही उरत नाही. पण एक सोय आहे. निपल आतून पोकळ असतो, त्यामुळे आत राहिलेल्या तुकड्याला मध्ये भोक असतेच. त्या भोकात ‘इझी-आउट’ नावाचे उलट्या आट्याचे हत्यार फिरवले की ते तुकड्याला पकडते आणि डावीकडे फिरताना तुकड्यासह बाहेर येते. इझी-आउट जवळ नसेल तर मिस्त्री जुन्या कानशीचे निमुळते चौकोनी शेपूट त्या भोकात हलक्या हाताने ठोकून बसवतात आणि पान्याने फिरवतात. हलक्या हाताने हा शब्द महत्त्वाचा आहे. हब ओतीव लोखंडाचा असतो, घणाघाताने त्याला तडा जातो. इझी-आउटही कडक पण ठिसूळ असते. ते आत मोडले तर मग मोठ्या वर्कशॉपशिवाय गत्यंतर नाही.

ड्रिल मारणे हा शेवटचा उपाय. ड्रिलची कीस, म्हणजे लोखंडाची बारीक चुरी, आत पडली तर ती बेअरिंगला मातीपेक्षाही वाईट. शक्यतो हब काढूनच ड्रिल मारावे आणि नंतर तो डिझेलने धुवावा. काढणे शक्यच नसेल तर ड्रिलच्या टोकाला जाड ग्रीस लावावे, थोडे मारून बाहेर काढावे, पुसावे, पुन्हा ग्रीस लावावे. चुरी ग्रीसला चिकटून बरीचशी बाहेर येते.

काही ठिकाणी तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग करतात आणि तो नट फिरवतात. युक्ती चांगली आहे, पण दोन अटी आहेत. टायर चढलेल्या चाकाजवळ वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत नको. टायरमधील हवा तापून टायर फुटतो आणि त्यात माणसे मेलेली आहेत. चाक काढून मगच करावे. दुसरे असे की, वेल्डिंगची अर्थची पकड त्याच हबवर लावावी. ती ट्रॅक्टरवर दुसरीकडे लावली तर वीज बेअरिंगमधून जाते आणि तिच्या रोलरवर डाग पडतात.

तुकडा निघाला की नवीन निपल. इथे आमच्यासारख्या हिशेबी माणसाला आवडेल अशी एक भानगड आहे. निपल सहा, आठ आणि दहा मिलिमीटरचे येतात, शिवाय इंचाच्या मापाचेही येतात. तिन्ही मिलिमीटरच्या निपलांचे आटे साधारणपणे एक मिलिमीटर अंतराचे असतात. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे आटेही एकचेच, त्यामुळे तो बोल्ट सहाच्या निपलच्या जागी बसतो. पण आठच्या साध्या बोल्टचे आटे सव्वाचे आणि दहाच्या बोल्टचे दीडचे. ते निपलच्या भोकात दोन फेरे जातात, मग अडतात, मग माणूस जोर लावतो आणि हबचे आटे जातात. म्हणून तुटलेला जुना तुकडा खिशात टाकून दुकानात न्यावा आणि त्याच्याशी जुळवून घ्यावा. निपल सरळ, अर्धा वाकडा आणि काटकोनी अशा तीन आकारांत मिळतो. चाकाच्या आत गन पोचत नसेल तर वाकडा घ्यावा.

नवीन निपल बोटांनीच फिरवत बसवावा. बोटांनी तीन-चार फेरे गेला तर आटे जुळले. शेवटी पान्याने हलकेच आवळावा. भोकाचे आटे गेलेलेच असतील तर एक माप वरचे भोक पाडून नवीन आटे पाडता येतात, किंवा आटे नसलेला, ठोकून बसवायचा निपल मिळतो. दोन्ही कामे मिस्त्रीची.

मधल्या वेळेचे काय? ट्रॅक्टर बांधीत आहे, निपल तुटला, दुकान आठ-दहा किलोमीटरवर. भोक उघडे ठेवून काम चालू ठेवू नये. योग्य आट्याचा बोल्ट मिळाला तर तो लावून, नाहीतर ग्रीस माखलेली सुती चिंधी घट्ट कोंबून वर टेप गुंडाळून पाणी अडवावे आणि संध्याकाळी दुरुस्ती करावी. काडीपेटीची काडी किंवा चिखलाचा गोळा ठोसू नये. आम्ही दोन्ही पाहिले आहे.

ग्रीसविषयी थोडे. बेअरिंगसाठी लिथियम साबणाचे, बहुउपयोगी म्हणून मिळणारे ग्रीस घ्यावे. सुटे, उघड्या डब्यातील स्वस्त चेसिस ग्रीस पाण्याला टिकते, पण तापल्यावर पातळ होते आणि चाकाच्या बेअरिंगसाठी ते नव्हे. गन लावण्यापूर्वी निपलचे तोंड पुसावे, नाहीतर आपणच माती आत ढकलतो. चाक हाताने फिरवत हळूहळू दाबावे. कडेने स्वच्छ ग्रीस दिसू लागले की थांबावे. काही बाहेर येत नसतानाही दाबतच राहिल्यास सील उलटे होऊन बाहेर येते. काम झाल्यावर निपलवर प्लास्टिकची टोपी घालावी. टोपी हरवली तर नवीन घ्यावी, तीही चिल्लरीतच मिळते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी हाती घेतली ती. हाताने दाबायची साधी ग्रीसगनसुद्धा प्रत्येक चौरस इंचावर हजारो पौंडांचा दाब तयार करते. निपल तुटका असताना किंवा गनची रबरी नळी चिरलेली असताना माणूस दुसऱ्या हाताच्या बोटाने भोक दाबून धरतो आणि गन चालवतो. तेव्हा ग्रीस सुईसारखे कातडी फोडून बोटात जाते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून चालक हात पुसून पुन्हा कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजते, काळेनिळे पडते, आतील मांस सडू लागते. उशीर झाला तर बोट कापावे लागते. हळद, चुना, मलम, गावातील इंजेक्शन यांपैकी कशाचाही येथे उपयोग नाही. दुखत नसले तरी त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जावे आणि “दाबाने ग्रीस आत गेले आहे” हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण नुसता ठिपका पाहून कोणालाही त्याचे गांभीर्य समजणार नाही. यावर शस्त्रक्रियाच लागते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडे जाता येते. घरच्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. पुरुषमाणूस “काही झाले नाही” म्हणतो तेव्हा त्याला गाडीवर बसवून नेण्याचे काम त्यांच्यावरच येते.

कामावर इजा झाल्यास भरपाई मागता येते हेही पुष्कळांना ठाऊक नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत ट्रॅक्टरने शेतीकाम करणाऱ्यांचा समावेश होता आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही भरपाईचे स्वतंत्र प्रकरण आहे. इजा झाल्याबरोबर मालकाला कळवावे, शक्य तर लेखी, आणि रुग्णालयाचे सर्व कागद जपून ठेवावेत.

कागदाचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातील एक उपाय सांगतो. प्रत्येक चालकाने एक लहान वही ठेवावी. ट्रॅक्टरवर तासमीटर असतो. रोज संध्याकाळी तारीख, मीटरचा आकडा आणि कोणकोणत्या जागी ग्रीस मारले ते एका ओळीत लिहावे. ट्रॅक्टर प्रथम ताब्यात घेताना सगळे निपल मोजावेत आणि तुटलेले किती, कोणत्या चाकाचे, हे मालकासमोर लिहून त्याची सही घ्यावी. सही देत नसेल तर ज्या दिवशी सांगितले तो दिवस आणि त्या वेळी कोण हजर होते ते लिहावे. आजकाल सगळ्यांच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे. तुटक्या निपलचा फोटो काढून मालकाला पाठवला तर त्यावर तारीख आणि वेळ आपोआप राहते. काही मालकांना हे उद्धटपणाचे वाटेल. पण ज्या मालकाचा ट्रॅक्टर या वहीमुळे हंगामभर उभा राहिला नाही, तो पुढच्या वर्षी स्वतःच वही आणून देईल असे आम्हाला वाटते. जमाखर्चाची वही दुकानदाराला छोटेपणा आणत नाही, मग ग्रीसच्या वहीने चालकाला का आणावा?

ज्या मुलांना या कामाची गोडी लागली असेल त्यांनी दहावीनंतर आयटीआयच्या ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. चालकाची मजुरी चार-सहा महिन्यांची असते. मिस्त्रीकडे धानाच्या हंगामात रांग असते आणि हंगाम संपल्यावर मोटारसायकली, पंप, मळणीयंत्रे येतच असतात.

हलका धान निघाला की पोती वाहण्याचे दिवस येतील. ट्रॉलीच्या चाकांकडे तर वर्षभर कोणी पाहत नाही, आणि ओझे सगळे त्यांच्यावर. तिथे निपल असेल तर वर सांगितल्याप्रमाणे करावे. नसेल तर कापणीपूर्वी हबच्या टोप्या काढून आतील ग्रीस बोटावर घेऊन पाहावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि करकरले तर माती. दोन्ही स्थितींत पहिली खेप भरण्याआधीच हब खोलायला मिस्त्रीला बोलवावे.